ट्रक निघण्याआधी

लांबच्या प्रवासाला निघायचे ठरले, की घरात आठवडाभर आधी कशी लगबग सुरू होते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. माळ्यावरची बॅग खाली येते, स्वेटर आणि शालींना ऊन दाखवले जाते, दशम्या-चटण्यांचे डबे भरले जातात, औषधांची पिशवी आठवणीने वर ठेवली जाते. शेजारच्या काकूंना कुंड्यांना पाणी घालायला सांगितले जाते. गाडी घरची असेल तर ती मेकॅनिककडे जाऊन येते. तो ब्रेक बघतो, तेल बदलतो, टायरमध्ये हवा भरतो आणि 'आता बिनघोर जा' म्हणतो. मगच आपण नारळ फोडून निघतो.

नंदुरबार जिल्ह्यातही दिवाळी सरता सरता हीच लगबग दिसते. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शहादा, नवापूर या तालुक्यांतल्या पाड्यापाड्यांवर बांधाबांध चाललेली असते. इथला प्रवास मात्र आठवड्याभराचा नसतो. कार्तिकात निघालेले कुटुंब चैत्र-वैशाखापर्यंत बाहेर राहते. जायचे असते दक्षिण गुजरातेत. बारडोली, मढी, चलथाण, सायण, महुवा, गणदेवी अशा साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला. आणि न्यायला येतो तो बहुधा एक जुना ट्रक.

या प्रवासाची तयारी पाहिली, की एक गोष्ट चटकन ध्यानात येते. घरातली बाई महिनाभर आधीपासून एकेक वस्तू मोजूनमापून तयार ठेवते. तिच्या तयारीत सहसा काही राहून जात नाही. पण ज्या ट्रकच्या भरवशावर ती आपली पोरेबाळे हौद्यात बसवते, त्या ट्रकची तयारी पुष्कळदा कोणीच केलेली नसते. आजचा हा लेख या दोन्ही तयाऱ्यांविषयी आहे.

पाणी पुढे, माणसे मागे

नंदुरबार हा तसा तरुण जिल्हा. १ जुलै १९९८ रोजी तो धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. तालुके सहा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, आणि तिच्यात दर शंभरात एकोणसत्तर माणसे आदिवासी: भिल्ल, पावरा, मावची, कोकणी. उत्तरेला नर्मदा, खाली तापी आणि दोहोंच्या मध्ये सातपुड्याच्या रांगा. तापीकाठची जमीन काळी आणि कसदार आहे; डोंगरउतारावरची हलकी. वर पावसाच्या पाण्यावर ज्वारी, मका, भगर, उडीद, तूर एवढे पिकते. खरीप आटोपले, की अनेक पाड्यांवर पुढच्या पावसापर्यंत हाताला काम उरत नाही.

तापीच्या मुखाकडे नेमके उलटे घडले. १९५० च्या दशकात काकरापारचा बंधारा झाला, १९७० च्या दशकाच्या आरंभी उकाईचे धरण उभे राहिले. कालव्याचे पाणी बारमाही मिळू लागले आणि सुरत-बारडोलीकडच्या शिवारात नजर पोहोचेल तिथवर ऊस डोलू लागला. उकाईच्या जलाशयाचा फुगवटा मागे नंदुरबारच्या हद्दीत येतो. त्यापायी इकडचीही गावे उठली. तापी इथून वाहत जाते, तिच्या पाण्यावर तिकडे ऊस होतो, आणि तो तोडायला दर हिवाळ्यात इकडची माणसे तिच्या मागोमाग जातात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोली भागातल्या ऊसतोड मजुरांचा अभ्यास मांडला, तेव्हाही खानदेशातून येणारी ही कुटुंबेच त्यांच्या लिखाणाच्या केंद्रस्थानी होती. आता त्या मजुरांची नातवंडे कोयता हाती घेतात.

प्रवासाची खरी सुरुवात ट्रक येण्याच्या कितीतरी आधी, पावसाळ्यात होते. घरातले धान्य तळाला गेलेले असते, बियाण्याचे पैसे द्यायचे असतात, कोणाचे आजारपण निघालेले असते, कोणाचे लग्न ठरलेले असते. अशा वेळी मुकादम पाड्यावर येतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरायचा आणि कोयत्यामागे उचल द्यायची, हा इथला रिवाज. हंगाम संपताना ही उचल पुष्कळदा दीडपटीने कापून घेतली जाते, असे अभ्यासकांनी वारंवार नोंदवून ठेवले आहे. गुजरात सरकारने २०२३ साली तोडणीचा किमान दर टनाला २३८ रुपयांवरून ४७६ रुपये केला खरा. पण टन मोजले जायचे ते पुढे. उचल श्रावणातच खर्च होऊन गेलेली असते.

उचलीची ही गोष्ट ट्रकच्या लेखात कशाला, असे कोणी म्हणेल. तिचा संबंध अगदी थेट आहे. आपण एखाद्या खटारा गाडीकडे बघून 'नको बाबा, दुसरी बघू' म्हणू शकतो. उचल घेतलेल्या माणसाला ती मुभा राहत नाही. ट्रक कसाही असो, तो दारात आला की बसायचे. हौद्यातली त्याची जागा दोन-तीन महिन्यांपूर्वीच ठरून गेलेली असते.

बाईची तयारी

आता घरातली तयारी पाहू. सहा महिन्यांचा संसार एका गाठोड्यात बसवायचा, हे काही सोपे काम नव्हे.

आधी धान्य. ज्वारी आणि मका निवडून, उन्हात घालून, पोत्यात भरायचा. पहिल्या पंधरा दिवसांचे पीठ दळून वेगळे बांधायचे, कारण पडावावर पोहोचल्यावर गिरणी कुठे आहे हे कळायलाच चार दिवस जातात. उडदाची डाळ, मीठ, तेलाची बाटली. मग मिरची. नंदुरबारची लाल मिरची महाराष्ट्रभर जाते, आणि दिवाळीच्या सुमाराला इथली पथारींची मैदाने लालभडक झालेली असतात. भाजी मिळाली न मिळाली, तरी मिरची-मिठाबरोबर भाकरी खाता येते. तेव्हा तिची पुडी जड असली तरी मागे ठेवून चालत नाही.

त्यानंतर भांडी. तवा, दोन पातेली, पाण्याचा हंडा, परात. गोधड्या धुवून वाळवलेल्या. ताडपत्री किंवा प्लास्टिकचा कागद, कारण तिकडचे घर म्हणजे बांबूच्या कमानीवर टाकलेले आच्छादन, आणि खाली उसाचे पाचट. दोरखंड, विजेरी, कोयते आणि ते घासायला कानस. कोंबड्या टोपलीखाली झाकून घ्यायच्या; शेळी न्यायची की मागे ठेवायची, यावर घरात दोन दिवस बोलणे चालते.

गेल्या काही वर्षांत या यादीत एक नवी पिशवी आली आहे, ती कागदांची. आधार कार्ड, शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक, तान्ह्या मुलाचे लसीकरणाचे कार्ड, गरोदर बाईचे तपासणीचे कार्ड. ही पिशवी फार मोलाची. एका राज्याच्या शिधापत्रिकेवर दुसऱ्या राज्यात धान्य मिळण्याची सोय महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात ऑगस्ट २०१९ मध्येच सुरू झाली; देशात ज्या राज्यांच्या जोड्या पहिल्यांदा जोडल्या गेल्या, त्यांत ही एक होती. म्हणजे बारडोलीच्या दुकानातही धडगावचे कुटुंब आपले धान्य मागू शकते. मात्र त्यासाठी कार्ड आधारशी जोडलेले हवे आणि यंत्रावर अंगठा उमटायला हवा. हे काम निघण्यापूर्वी गावातच पाहून घेतलेले बरे. ऊस तोडून बोटे घासली गेल्यावर यंत्राशी हुज्जत घालणे कठीण जाते.

लसीकरणाच्या कार्डाचेही तसेच. पुढचा डोस कोणत्या महिन्यात आहे, हे आशाताईकडून समजून घेतले आणि कार्ड जवळ ठेवले, तर तिकडच्या आरोग्य केंद्रात लस मिळू शकते. कार्ड घरी राहिले, की बाळाचा डोसही पुष्कळदा राहून जातो.

मग येतो सगळ्यांत अवघड प्रश्न. कोण जाणार आणि कोण राहणार?

म्हातारी राहते. शेतात तूर उभी असते, ती पौष-माघात निघेल. गाय-बैलाला चारा-पाणी हवे. शाळेत जाणारी मुले आश्रमशाळेत असतील तर तिथेच राहतात. नसतील तर आजीपाशी, किंवा जिथे हंगामी वसतिगृह सुरू असेल तिथे. पण आजीचे हातपाय थकलेले असतील आणि वसतिगृहाचा पत्ता नसेल, तर मुलांनाही ट्रकमध्ये चढावे लागते. दहा-बारा वर्षांच्या मुलीला तर पुष्कळदा मुद्दाम नेतात. आई पहाटे फडात गेली, की तान्ह्याला सांभाळायला कोणी तरी हवे असते. तिकडची शाळा गुजराती, इकडची मराठी. गावोगाव जाणाऱ्या मुलांसाठी महाराष्ट्रात शिक्षण हमी कार्ड देण्याची पद्धत आहे. ते दाखवले की दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे, हा त्यामागचा हेतू. पण कार्ड हाती असले, तरी पाटीवरचे अक्षर बदललेले असते. दिवाळीत गेलेली मुलगी होळीनंतर वर्गात परत बसते, तेव्हा तिच्या मैत्रिणी कितीतरी धडे पुढे गेलेल्या असतात. एखाद्या पोरीची शाळा सुटते, ती कोणी काढून टाकल्यामुळे सुटत नाही. ती अशी एका हिवाळ्यात, ट्रकच्या हौद्यात चढताना सुटते.

रेल्वे असताना ट्रक कशाला?

नकाशा पाहणाऱ्या वाचकाला इथे एक शंका येईल. नंदुरबारवरून तर सुरतेची रेल्वे जाते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ताप्ती व्हॅली रेल्वे म्हणून ती बांधली गेली. नवापूरचे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, ही गंमत आपण मुलांना सांगतो. तीच गाडी पुढे सोनगढ, व्यारा, मढी, बारडोली, चलथाण करत सुरतेकडे जाते. म्हणजे जवळजवळ कारखान्यांच्या दारावरूनच. २०१८ मध्ये या मार्गाचे दुपदरीकरणही पूर्ण झाले. मग ही माणसे ट्रकने का जातात?

कारणे अगदी साधी आहेत. धान्याची पोती, हंडे, गोधड्या, कोंबड्या, शेळी आणि चार लेकरे घेऊन पॅसेंजरच्या डब्यात शिरून पाहावे. धडगाव-अक्कलकुव्याच्या आतल्या पाड्यांपासून नंदुरबारचे स्टेशन गाठणे हाच एक स्वतंत्र प्रवास. शिवाय स्टेशनवर उतरून पडाव गाठायचा, तर तो असतो कुठल्या तरी शेताच्या बांधावर, पाच-दहा किलोमीटर आत. ट्रक सडकेवरून उचलतो आणि थेट पडावावर नेऊन सोडतो. मुकादमाचाही त्यात फायदा असतो. ज्यांना उचल दिली, ते सगळे कोयते एका गाडीत, डोळ्यांसमोर राहतात. वाटेत कोणी गळत नाही.

म्हणून आधी पायी किंवा छोट्या पिकअपने पाड्यावरून सडकेला यायचे, आणि तिथे ट्रकची वाट पाहत बसायचे. धडगावकडची मंडळी चांदसैलीचा घाट उतरून तळोद्याला येतात. पुढे एक वाट अक्कलकुव्यावरून सागबारा, डेडियापाडा, नेत्रंगकडे जाते. दुसरी नंदुरबारवरून विसरवाडी, नवापूर, सोनगढ, व्यारा करत बारडोलीला. नंदुरबारपासून बारडोली सव्वाशे-दीडशे किलोमीटर. मोटारीने गेले तर तीन-चार तासांचा रस्ता. पण ट्रक चार गावचे कोयते गोळा करत, वाटेत थांबत, कधी पंक्चर काढत जातो. संध्याकाळी निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर उतरतो.

आणि ती रात्र हिवाळ्याची. सातपुड्यात डाब, तोरणमाळकडे कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. सपाटीवर इतकी थंडी नसते, पण उघड्या हौद्यात चाळीसच्या वेगाचा वारा अंगावर घेत बसले, की साधी थंडीही हाडांत शिरते. तान्ह्या मुलाला आणि म्हाताऱ्याला तीच बाधते.

ट्रकची तयारी

आता दुसरी तयारी, जी पुष्कळदा होतच नाही.

ऊसवाहतुकीचे अनेक ट्रक वयाने जुने असतात. उन्हाळ्यात कारखाना बंद झाला, की काही दुसऱ्या भाड्याला लागतात आणि काही पावसाळाभर कुठे तरी उभे राहतात. चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरते, ब्रेकच्या ड्रमला आतून गंज धरतो, रबरी नळ्यांना तडे जातात, वायरी उंदीर कुरतडतात. मालकाच्या लेखी हंगाम सुरू होतो तो उसाची पहिली खेप भरली की. तेव्हा गॅरेजचा खर्चही तेव्हाच. माणसे आणायची फेरी ही त्याच्या दृष्टीने हंगामाआधीची किरकोळ फेरी. उणीव नेमकी इथे राहते. वर्षातला सगळ्यांत नाजूक माल हा ट्रक पहिल्याच खेपेला, बिनतपासणीचा वाहतो.

जाणता उस्ताद अशी गाडी लांबच्या रस्त्याला काढण्याआधी काय काय पाहतो? चाके उचलून ड्रम उघडतो, ब्रेकचे लायनर किती उरले ते बघतो. पुढचे चाक दोन्ही हातांनी हलवून किंगपिन ढिली झाली आहे का, हे तपासतो. पाट्यांची एखादी पट्टी तुटलेली नाही ना आणि यू-बोल्ट आवळलेले आहेत ना, हे बघतो. रिसोल केलेले टायर मागच्या जोडीत चालतात. पुढे मात्र तो धड टायरच घालतो, कारण पुढचा फुटला की स्टेअरिंग हातात राहत नाही. मागचे लाल दिवे लागतात का, हे क्लीनरला मागे उभे करून पाहतो. पहाटे नदीकाठी आणि कालव्याकाठी धुके असते; दिवे नसलेला उभा ट्रक त्यात दिसतच नाही.

थंडीत जुने इंजिन लवकर सुरू होत नाही. मग गाडी उतारावर लावायची आणि ढकलून चालू करायची, हा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. पण माणसे भरलेली असताना तो करू नये. हवेच्या ब्रेकला जोर येतो तो इंजिन चालू होऊन टाकीत हवा भरल्यावर. त्याआधी गाडी उताराला लागली, तर पायाखालचा ब्रेक कामाला येईलच असे नाही. इंजिन आधी चालू व्हावे, हवेचा काटा वर यावा, आणि मगच लेकरांना वर चढवावे. एवढ्या एका नियमाला पैसा लागत नाही.

सामान आणि माणसे भरण्याचीही रीत आहे. पोती आणि हंडे तळाशी, दोराने आवळलेले. माणसांनी हौद्याच्या तळावर बसायचे, सामानाच्या ढिगावर नाही. वजन जितके वर, तितका ट्रक वळणावर झुकतो. आणि माणसे म्हणजे पोती नव्हेत, वळणावर ती एका बाजूला सरकतात. गरोदर बाई आणि तान्हे मूल यांना केबिनलगतची जागा द्यावी. मागच्या चाकांच्या पलीकडे बसणाऱ्याला खड्ड्याचा दणका दुप्पट लागतो. ताडपत्री पुढच्या बाजूने वाऱ्याला आड लावावी. सगळीकडून बांधून मागून उघडी ठेवली, तर धूळ आणि सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. शेगडी पेटती ठेवून नेऊ नये. आणि फाळक्याचे आकडे व साखळ्या शेवटी एकदा हाताने ओढून पाहाव्यात, कारण रात्री पेंगुळलेली पोरे त्यालाच पाठ टेकतात.

घाटात गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये, ज्या गिअरात चढ चढता येतो त्याच गिअरात उतार उतरावा, हे चालक मंडळी जाणतातच. तरी डिझेल वाचवायचा मोह होतो. या रस्त्यांनी त्याबद्दल सांगण्याजोगे पुष्कळ पाहिले आहे. कारणे दर अपघाताची निराळी असतात. घाट मात्र कोणाची गय करत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये धुळे-सुरत महामार्गावरच्या कोंडाईबारी घाटात एक खासगी बस पुलावरून खाली कोसळली. ऑक्टोबर २०२५ मध्ये, ऐन दिवाळीत, अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्यांची पिकअप चांदसैली घाटात दरीत गेली आणि कितीतरी घरांत त्या वर्षी दिवा लागला नाही. तीही माल वाहायची गाडी होती, आणि तिच्यात माणसे होती.

कागदावर काय आहे

मालाच्या गाडीतून अशी माणसे नेणे मोटार वाहन कायद्याला मान्य नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचा एक परिणाम मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. २००२ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की मालगाडीत फुकट बसवून नेलेल्या प्रवाशाच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. म्हणजे हौद्यातला माणूस धड प्रवासीही नाही आणि धड मालही नाही. अपघात झालाच, तर त्याच्या कुटुंबाने भरपाईसाठी कोणाच्या दारात जायचे, इथपासूनच वादाला सुरुवात होते.

गंमत अशी, की दुसरा एक कायदा याच प्रवासाची काळजी फार पूर्वीच घेऊन बसला होता. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कंत्राटदारामार्फत जाणाऱ्या मजुरांसाठी १९७९ साली संसदेने कायदा केला. त्यात जाण्याचे आणि येण्याचे भाडे कंत्राटदाराने द्यावे, एवढेच नव्हे, तर प्रवासाचे दिवस कामाचे धरून त्यांची मजुरीही द्यावी, असे लिहिले होते. तो कायदा पुढे २०२० च्या नव्या कामगार संहितेत सामावला गेला आणि ही संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यातही जाण्या-येण्याच्या भाड्याची तरतूद आहे. जुन्या आणि नव्या, दोन्ही कागदांवर हा मजूर भाडे मिळण्यास पात्र असा प्रवासी आहे. फक्त सडकेवर तो पोत्यांशेजारी बसलेला दिसतो.

यावर उपाय काही आकाशातून आणायचा नाही. लग्नाचे वऱ्हाड न्यायला आपण एसटी प्रासंगिक करारावर घेतो. माणसे एसटीने आणि सामान ट्रकने, अशी विभागणी का होऊ नये? एका बसचे भाडे चाळीस-पन्नास माणसांत वाटले, तर ते एका कोयत्याच्या हंगामाच्या कमाईपुढे फार होत नाही. आणि कायद्याने तर ते मजुराने द्यायचेही नाही. वाहतूक पोलीस आणि परिवहन खात्याला दिवाळीनंतरचे हे पंधरा-वीस दिवस आणि या दोनच वाटा आधीपासून माहीत असतात. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दर वर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. तो विसरवाडीला आणि अक्कलकुव्याला थांबवून नुसता बघितला, तरी पुष्कळ खटारे रस्त्यावर येणार नाहीत. मात्र अडवलेल्या ट्रकमधल्या लेकराबाळांना रात्री थंडीत सडकेवर सोडून चालणार नाही. पुढे न्यायला दुसरी गाडी उभी असेल, तरच त्या तपासणीला अर्थ.

आणखी एक गोष्ट आहे, तिला तर कागदाच्या एका पानापलीकडे काही लागत नाही. मुकादमाच्या वहीत कोयते लिहिलेले असतात. अकरा कोयते, पंधरा कोयते. मुले कोयत्यात मोडत नाहीत, म्हणून ती वहीत नसतात. रात्री काही विपरीत घडले, तर गाडीत कोण कोण होते, हे कळायलाच दुसरा दिवस उजाडतो. ट्रक हलण्याआधी सगळ्यांची नावे, वयासकट, लेकरांसकट, लिहून एक प्रत ग्रामपंचायतीत किंवा शाळेत ठेवली, तर गुरुजींनाही कळेल की वर्गातले कोण गेले, आशाताईलाही कळेल की कोणाचे डोस राहिले. नंदुरबारमधली एखादी ग्रामपंचायत हे उद्यापासूनही सुरू करू शकेल.

तूर्तास अशी यादी एकाच ठिकाणी असते, आणि ती कागदावर नसते. ट्रक सुरू होतो, गोधडीत गुंडाळलेली पोरे वर चढवली जातात, फाळका लागतो. सडकेच्या कडेला म्हातारी उभी असते. मुकादम कोयते मोजतो, आणि ती ओठांतल्या ओठांत आपली माणसे मोजते: मुलगा, सून, थोरली नात, मधला, तान्हा. पाच. होळीला बरीच मंडळी चार दिवस का होईना, पाड्यावर परत येतात. उसाचा हंगाम संपलेला नसला तरी होळी चुकवत नाहीत. तोपर्यंत तूर निघालेली असते, झोडपलेली असते. सडकेवर गाडी थांबल्याचा आवाज आला, की म्हातारी हातातले काम टाकून बाहेर येते. तोंडाने कोणालाही काही विचारायच्या आधी ती फाळक्यावरून खाली उतरणारी माणसे पुन्हा एकदा मोजते.